सात बटणं

जर्मनीत कारखानदारांची ढेरपोटी व्यंगचित्रं काढली म्हणून रूडीला देश सोडून इथं बोलिव्हियात यावं लागलं. तोच आता आमच्या खाणमालकाचं चित्र काढतोय म्हटल्यावर माझी जाऊ युलोहिया चवताळली, “काय रे रूडी, ब्रश विकलास?” तो नुसता हसला आणि खाणीत दबून मेलेल्या सातजणांचे फोटो आम्हा विधवांकडून घेऊन गेला. समारंभात चित्रावरचा पडदा सरला. मालक हुबेहूब, मिशांसकट. मी फुलं ठेवायला जवळ गेले आणि थिजलेच. जाकिटाच्या सात चकचकीत बटणांत सात चेहरे होते. वरून तिसरा माझा एलादियो. “बटणं बघा गं!” मी पुटपुटले. कुजबुज मागच्या दारापर्यंत पोचली. आमच्यात टोपी उतरते ती फक्त मेलेल्यांसाठी. एकेक करत तीनशे डोकी उघडी झाली. मालकाचा ऊर भरून आला. रूडीचा हात धरून तो म्हणाला, “एवढा मान? मला?”