दारावरचा निंब

अपेक्षा दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेरच थबकली. चौकटीवर कडुनिंबाचा ताजा डहाळा लटकत होता. वलगावात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: घरात कुणाला तरी कांजण्या आल्यात, माता आली आहे. बाहेरच्याने आत यायचं नाही.

पण घरात होतं कोण? ती आणि सासू, दोघीच. नवरा जीवन गेल्या वर्षी टीबीने गेला. निदान गावाला तरी तेवढंच ठाऊक होतं. टीबीच्या मागे एचआयव्ही होता आणि तो आता अपेक्षाच्याही रक्तात होता, हे तिने सासूच्याही कानावर घातलं नव्हतं. सून अमरावतीहून थायरॉईडच्या गोळ्या आणते, एवढंच गोदाबाईंना माहीत.

आजही ती तिथूनच आली होती. दोन्ही दंड ठणकत होते. एकात न्यूमोनियाची लस, दुसऱ्यात काविळीच्या लशीचा तिसरा डोस.

"कांजण्यांची मात्र आत्ता नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "ती जिवंत जंतूंची असते. तुमच्या रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी दोनशेच्या वर जाऊन टिकल्या, की बघू. तोवर माता आलेल्या घराकडे फिरकू नका." मग रिपोर्ट पाहून त्या खूश झाल्या. आठ महिन्यांत पेशी चाळीसवरून एकशे सत्तरवर गेल्या होत्या. "एकही गोळी चुकवली नाहीत तुम्ही, शाबास!"

गोळी रात्री नऊची. दिवसभर फुलं तोडून, हार ओवून अपेक्षा आठालाच पेंगायची. पण नऊ वाजले की गोदाबाईंना हटकून तहान लागे. "पानी दे वं!" अशी हाक येई. अपेक्षा मनातल्या मनात चरफडत उठे आणि माठापाशी आलोच आहोत तर आपली गोळीही गिळून घेई.

"कोनाले माता आली वं तुमच्याकडं?" समोरच्या शालूने आपल्या अंगणातून विचारलं. "आमच्या पियुषले त सकाळीच निंगाली. हाराचे दोन गिऱ्हाईकं परतले तुमच्या दारावरून."

लगनसराईत दारचं गिऱ्हाईक परत लावणाऱ्या गोदाबाई अपेक्षाने कधी पाहिल्या नव्हत्या. तिने आत डोकावलं. सासू ठणठणीत होती, झेंडूचा हार ओवत बसली होती. म्हणजे निंब आपल्यालाच अडवायला. कळलं तर हिला सगळं. हे घरही गेलं.

"आई," तिने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. "मी आता परकी झाली का?"

"पागल झाली का तू? आत ये आधी!" गोदाबाई खेकसल्या. "पियुषले माता निंगाली. अर्धी गल्ली आपल्या घरात ये-जा करते. कोनाकोनाले सांगू, येऊ नका मनून? निंब पाहिला का लोक आपोआप थांबते. जीवनच्या वख्ती डॉक्टरनं सांगतलं होतं मले, या बिमारीत माता लय वंगाळ."

अपेक्षा चपला काढून आत आली. "तुमाले माहीत होतं? कधीपासून?"

गोदाबाईंनी हाराला गाठ मारली. दातांनी दोरा तोडला.

"मले रोज नऊलेच तहान कावून लागते, वाटते तुले?"