विहिरीकडची झाडं

शेषेरावांनी अंजिराचं पान उलटं केलं आणि त्यावरून बोट फिरवलं. बोटाला तांबूस पूड लागली.

"तांबेराच हाय," शेजारच्या रानातले चंद्रप्पा म्हणाले. त्यांची स्वतःची बाग याच रोगाने गेली होती, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होतं. "वरून पिवळे ठिपके, खालून ही पूड. आता पानं गळतील, मग फळं."

याच बहारावर शेषेरावांच्या मुलीचं, सुकन्याचं, लातूरचं पुढचं वर्ष अवलंबून होतं. पोरगी डॉक्टर व्हायचं म्हणून क्लासला होती. बाग गेली, तर तिला घरी आणण्यावाचून इलाज नव्हता.

"मोरचूद-चुन्याचं पाणी मारा, पानाच्या पाठीला लागंल असं," चंद्रप्पांनी सांगितलं. "आन् गळलेलं पान रानात ठिवू नका. बांधाभाईर नेऊन जाळा. ती पूड लई वाईट."

शेषेरावांची बायको सिंधू पुढे झाली. "हाताला लागली तरी दुसऱ्या झाडाला जाती का?" तिने विचारलं.

"पदराला लागली तरी जाती, वहिनी. वरून ओल असली, मग तर इचारूच नका."

"मग पानं मीच येचते," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमचं काम म्हंजी धसमुसळं."

फवारणी झाली. रोज सकाळी दव असतानाच सिंधू टोपली घेऊन बागेत उतरे. शेषेरावांना तिचं कौतुक वाटे. पोरीला लातूरला ठेवताना हीच बाई जेवण सोडून बसली होती. थोरला मुलगा रामलिंग भूकंपात माळवद कोसळून त्याखाली गेला, तेव्हापासून ती छताखाली झोपलीच नव्हती. अंगणातल्या पत्र्याच्या शेडात झोपे. आणि आता पोरीच्या शिक्षणासाठी एवढी राबत होती. काळ हेच औषध म्हणतात, ते खोटं नाही, असं त्यांना वाटलं.

आधी रोग लागलेली रस्त्याकडची झाडं सावरली. पण मग विहिरीकडच्या झाडांवर ठिपके दिसले.

"वारं तर हिरीकडून रस्त्याकडं वाहतंय," शेषेराव चिडून म्हणाले. "रोग उलटा कसा गेला?"

"आसं कधी बघितलं न्हाई बुवा," चंद्रप्पा म्हणाले. "आजून एक फवारा मारून बघा. तेवढ्यानं थांबला तर थांबला."

संध्याकाळी जेवताना सिंधूने विचारलं, "सुकन्याचा फोन आलता का?"

"आलता. क्लासच्या परीक्षेत पयली आली."

"आजून तिसऱ्या मजल्यावरच ऱ्हाती?"

"मग कुठं ऱ्हाईल? लातुरात काय पत्र्याच्या खोल्या मिळत्यात का?"

"हाव," म्हणून तिने त्यांना भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी शेषेराव पहिल्या एसटीने निलंग्याला औषध आणायला निघाले. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. "एकबी पान ऱ्हाऊ देऊ नको," ते म्हणाले. "आता सगळी भिस्त तुझ्यावर."

"तुम्ही जावा बिनघोर."

एसटी गेली. सिंधूने झाडांखालची पानं वेचून टोपली भरली आणि ती विहिरीकडे गेली. तिथे आता एकच ओळ निरोगी उरली होती. तिला रडू आवरेना. पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "ये गं बाई घरला," आणि टोपलीतलं एकेक तांबेऱ्याचं पान दवाने भिजलेल्या हिरव्या पानांच्या पाठीला चोळू लागली.