पांढरी रेघ

पान्याच्या दांड्याला आज पुन्हा सुगंधी साबणाचा वास होता. म्हाताऱ्या मेकॅनिकने तो दोनदा नाकाशी नेला. त्याचे स्वतःचे हात पन्नास वर्षं रॉकेलनेच धुतले जात होते. मुलगा महिनाभर परगावी. म्हणजे उरली सून.

समोर बाकावर माळ्याचं गवत कापायचं मशीन होतं. त्याच्या इंजिनाचं जड चाक, फ्लायव्हील, मागच्या आठवड्यात चालता चालता निखळलं आणि माळ्याचा पाय थोडक्यात वाचला. "काका, पुन्हा असं झालं तर मी दुसरीकडे जाईन," असं तो तोंडावर बोलून गेला. म्हाताऱ्याच्या ते जिव्हारी लागलं होतं. दुरुस्तीच्या वेळी आपण त्या चाकाचा नट घट्ट आवळला होता, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. मग सैल केला कुणी?

परवा त्याने एका पंपाच्या नटावर खुणेचा रंग लावून ठेवला. तासाभराने पाहतो तर ओला रंग फिसकटलेला. कुणीतरी हात लावला होता, हे नक्की. आणि या गॅरेजात शिलाई मशीन छान मावेल, असं सून एकदा म्हणाली होती. तो ते विसरला नव्हता.

इंजिन फिरू नये म्हणून त्याने स्पार्क प्लग काढून भोकातून दोरी आत सारली. पिस्टन अडकला. नट डावीकडे फिरवून सोडला, फ्लायव्हील उतरवलं, ते दांड्यावर पक्कं धरणारी तुटलेली चावी बदलली. इंजिनाचा दांडा कोरडा पुसला, फ्लायव्हील बसवलं आणि नट उजवीकडे फिरवत दोन्ही हातांनी आवळला. किती आवळला ते मोजायचा पाना त्याने कधी घेतलाच नाही. हाताला कळतं, म्हणायचा.

मग नटापासून फ्लायव्हीलपर्यंत पांढरी रेघ ओढली. या वेळी ती वाळेपर्यंत तिथून हलला नाही. दोरी काढून प्लग बसवला, तोच सून दारात आली.

"झालं, बाबा?"

"झालं."

"घट्ट बसला?"

"न बसायला काय झालं?"

"मग पडा जरा. डोळे लाल झालेत."

बोलताना तिची नजर नटावर होती. मोठी आली काळजीवाली, तो मनात म्हणाला.

खोलीत जाऊन त्याने खाट करकरवली, आणि अनवाणीच मागच्या दाराने गॅरेजच्या खिडकीशी आला.

सून पाठमोरी उभी होती. तिने बाह्या सारल्या, प्लग काढला, दोरी आत सोडली. त्याचंच बघून बघून शिकली होती बया! पान्याच्या दांड्यावर तिने लांब नळी चढवली आणि सगळं अंग टाकलं.

त्याने वळसा घालून दार ढकललं. तो आत घुसला.

"सापडलीस! अगं, माणसाचा पाय गेला असता!"

"माहीत आहे मला, बाबा."

"आणि वर तोंड करून सांगतेस? आत्ता फोन लावतो तुझ्या नवऱ्याला!"

"त्यांना काय ते सांगा." तिने पाना हळूच बाकावर ठेवला. "माळीदादांना मात्र काही कळू देऊ नका."

ती मान खाली घालून बाहेर गेली. मुलाला सांगताना एका शब्दाचीही चूक नको, म्हणून त्याने चष्मा लावला आणि नट किती सैल केलाय ते पाहायला वाकला.

रेघ तुटली होती. नटावरचा तुकडा चांगला बोटभर उजवीकडे, आवळायच्या दिशेने, सरकला होता.