चाळीस किलोमीटरवरचं तळं

"गाडी एवढी उंच, आणि पायात हे?" टायरवाला खाली वाकून बघत म्हणाला. "बापाचा कोट घालून पोरगं शाळेला निघाल्यासारखं दिसतंय."

धाकटा हसला. त्याची थोरली बहीण हसली नाही. गाडी खरंच बापाची होती. वाळूत पोट टेकू नये म्हणून बाबांनी स्प्रिंगा बदलून ती वीतभर उचलून घेतली होती. ते गेल्यावर आईला आत चढता येईना, तेव्हा थोरलीनेच त्यांचे मोठाले टायर विकून साधे बसवले होते.

"जायचंय कुठे?"

"मैदानात. विजेच्या शेवटच्या खांबाच्या पुढे."

टायरवाल्याने हात पुसले. त्या मैदानात ना रस्ता, ना वस्ती. "तिथे काय आहे?"

"तळं," थोरली म्हणाली.

"काही नाहीये," धाकटा म्हणाला.

बाबा दरवर्षी तिकडे जायचे, एकटेच, आठवडा आठवडा. शेवटच्या खांबापासून समोरच्या खिंडीकडे नाक करून सरळ निघायचं आणि मीटरवर चाळीस पडले की थांबायचं, असं ते सांगत. पुढे इतकं निळं तळं, की माणसाचं बोलणंच बंद होतं. बरोबर मात्र कुणाला नेलं नाही. सामानालाच जागा पुरत नाही, म्हणायचे.

ते गेल्यावर ही दोघं साध्या टायरांवर दोनदा जाऊन आली. चाळीसवर नुसती वाळू. चाकं रुतली, प्यायचं पाणी संपत आलं, तशी हात हलवत परतली. तेव्हापासून आईचं एकच पालुपद. कपडे वाळत घालताना, जेवताना, मध्येच कधीही.

"तळं नव्हतं, तर तो माणूस जायचा कुठे?"

थोरलीच्या जिवाला तो प्रश्न लागला होता. बाबा खोटं बोलत नव्हते, एवढं एकदा आईला डोळ्यांनी दिसावं, मग म्हातारी सुखाने झोपेल. धाकट्याने बजावून ठेवलं होतं, ही शेवटची खेप.

टायरवाल्याने एक टायर घरंगळत आणला. "हा घे. वाळूत हवा कमी केलीस की उंटाच्या पावलासारखा पसरेल. रुतायचं नाव नाही."

"याहून मोठा."

त्याने दुसरा आणला. थोरलीने पिशवीतून दोरी काढून त्याच्याभोवती गुंडाळली. दोरी उरली.

"अजून मोठा हवाय."

"अगं बाई, मडगार्डला घासेल. वळणावर तर घासेलच घासेल."

"बाबांचा घासत नव्हता."

"दोरीचं माप कुठून आणलंस?"

"अंगणातून."

बाबांनी जुन्या जोडीतला एक टायर घरी आणून अंगणातल्या झाडाला झोपाळा टांगला होता. त्यात दोघं भावंडं एकदम मावायची आणि तरी भांडायची. धाकट्याला स्वतःचा वेगळा हवा होता. बाबा म्हणाले, दुसरा वाळूत फाटला, तिथेच टाकून आलो. धाकटा दोन दिवस फुगून बसला होता.

टायरवाला आतल्या खोलीतून धापा टाकत तिसरा घेऊन आला. धाकट्याच्या कमरेच्या वर येत होता. दोरी बरोबर बसली.

"हं. म्हणजे रिमही रुंद लागेल, चाकं जराशी बाहेर काढू. मग नाही घासणार. स्टेपनी मात्र टपावर बांधावी लागेल." त्याने टायरवर प्रेमाने थाप मारली. "आणि एक. मीटर आता कमी दाखवेल. ते बिचारं चाकाचे फेरे मोजतं. चाक मोठं झालं की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी लांब जाते. तुझे चाळीस होतील तोवर तू चाळिसाच्या बरीच पुढे असशील. नीट करून देऊ?"

थोरलीचा हात दोरीवरच थांबला. तिने धाकट्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडंच होतं.

"नको," ती म्हणाली. "मीटरला हात लावू नका."

निघायच्या सकाळी आईला स्टुलावर उभं करून, ढकलून, ओढून गाडीत बसवलं. "जिवंतपणी स्वर्गात चढवताय की काय," ती कुरकुरली. मग खांब मागे पडला. चहूकडे पांढरं. गाडी रुतत नव्हती. एवढं मोठं आभाळ आईने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ती काच खाली करून बघतच राहिली.

छत्तीस. अडतीस. धाकटा मीटरवरून नजर काढत नव्हता. समोर वाळूच.

चाळीस पडले आणि जमीन संपली.

थोरलीने ब्रेक दाबला. पुढे खोल खळगा होता, काठावर आल्याशिवाय दिसूच नये असा, आणि त्यात तळं. निळं म्हणजे किती निळं. पलीकडचे सगळे कडे त्यात उलटे उभे होते. वारा पडला होता. तिघांपैकी कुणीच बोललं नाही.

बऱ्याच वेळाने आईने पदर डोळ्यांना लावला. "खरं बोलत होते ते," ती म्हणाली. "आणि मी मेली काय काय मनात आणलं त्यांच्याबद्दल."

थोरलीने तिचा हात धरला. तिलाही रडू आवरेना. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं होतं.

"मला पाण्याला हात लावायचाय," आई म्हणाली.

दोघांनी तिला दोन्हीकडून धरून हळूहळू उतारावरून खाली नेलं. मधल्या खडकाला वळसा घातला. पाणी पावलाशी आलं. आई वाकता वाकता थांबली.

खडकाच्या आडोशाला एक झाड होतं. त्याला टायरचा झोपाळा टांगला होता, दोन पोरं एकदम मावतील एवढा.