एक मणी कमी

"ताई, दुकान तुझ्या नावावर आहे, हे ठाऊक आहे ना तुला?" मामाने मोबाइलवरची नजर न काढता विचारलं.

"कुठलं दुकान? पोरीचं होय?" शिलाई मशीनवर वाकलेली आई म्हणाली. "ती पडली सोळाची. तिला खातं उघडू देत नव्हते, म्हणून माझं नाव घातलं. नावाला काय पैसे पडतात?"

मामा एका वकिलाच्या कचेरीत कारकून होता. बारीक अक्षरात काही छापलेलं दिसलं की त्याला राहवत नसे. सुट्टी म्हणून चहाला आला, आणि भाचीच्या ऑनलाइन दुकानाच्या अटी वाचत बसला. समोर चटईवर भाची मणी ओवत होती. दात येणाऱ्या बाळांनी चावायच्या लाकडी मण्यांच्या माळा. मणी रंगीत, गुळगुळीत, बोराएवढे. माळा अशा काही खपू लागल्या होत्या की घरात सगळे तिला शेठ म्हणत.

"शेठ, हे वाचलंत का?" मामा म्हणाला. "'ही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तपासून घेतलेली आहे.' पुढे खूण केलीय. कुणी तपासली?"

"ती खूण केल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही मामा. सगळेच करतात. आणि मी नाही, आईने केली."

आईला आठवलं. ती भांडी घासत होती, लेकीने मोबाइल पुढे धरला होता. साबणाचे हात लागू नयेत म्हणून तिने करंगळीने एकेक चौकोन दाबला. दोघी हसल्याही होत्या.

"तपासायचंय काय त्यात?" आई म्हणाली. "माझ्या हातची गाठ आहे. आजवर माझं एक बटण कुणी तुटलं म्हणून परत आणलेलं नाही."

ते खरंच होतं. मागणी वाढली तशी गाठी मारायचं काम तिनेच अंगावर घेतलं होतं. मध्यंतरी लेकीचा नायलॉनचा दोरा संपला. नवा यायला उशीर, आणि गिऱ्हाईक काही थांबत नाही. तेव्हा आईने आपल्या खणातलं काजाच्या सुती दोऱ्याचं भलंमोठं रीळ काढून दिलं. कापडात तो दोरा वर्षानुवर्षं हलत नाही.

"बटण कुणी दिवसभर चघळत नाही, ताई," मामा म्हणाला.

तो हसत होता. आईला मात्र हसू आलं नाही.

तेवढ्यात लेकीचा मोबाइल वाजला. "पाच तारे!" ती ओरडली. "फोटोपण टाकलाय!" फोटोत एका बाईच्या मांडीवर बसलेलं गुबगुबीत बाळ होतं, मुठीत माळ. लेक मोठ्याने वाचू लागली.

"'आमच्या बाळाला माळ फारच आवडली. क्षणभर हातातून सोडत नाही. फक्त कालपासून दोरा सुटलाय. बाकीचे मणी मिळाले, एक लाल मणी कमी आहे, घरभर शोधला. तेवढा पाठवाल का? बाळ सकाळपासून खात नाही, सारखी लाळ गळतेय. दात येत असणार.'"

मशीन थांबलं.

लेक हसत हसतच उत्तर लिहायला लागली होती. मामाने तिचं मनगट धरलं. "एक अक्षर लिहू नकोस. लिहिलं की कबुली झाली. उद्या साहेबांना विचारतो, मग बघू."

"अरे मामा, मणीच तर मागतायत त्या."

आईने मोबाइल हातात घेतला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. तिची गाठ जागच्या जागी होती, घट्ट. तिच्या शेजारी दोऱ्याचं टोक पिंजून कापसासारखं झालेलं होतं. तो लाल मणी घरात कुठे मिळणार नव्हता.

"या बाईंचा नंबर आहे?"

"पार्सलच्या यादीत असेल. का गं?"

"काढ."

"ताई, हे हात दाखवून अवलक्षण आहे," मामाचा आवाज चढला. "पोरगी सज्ञान नाही, तिला कुणी विचारणार नाही. खूण तुझी, नाव तुझं, दोराही तुझाच. मशीनसकट घर जाईल. आणि बाळाला काही झालं असलं तर..."

आईला भीती वाटली. लेकीने काढून दिलेला नंबर ती दाबू लागली. हे छप्पर, हे मशीन, लेकीचं कॉलेज, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. पण त्या सगळ्याच्या पुढे ते लाळ गळणारं तोंड होतं.

"उद्यापर्यंत वेळ आहे का रे त्या बाळाला?" ती म्हणाली.

पलीकडे घंटी वाजू लागली. वाजत राहिली. कुणी उचलेना. बंद झाली, तशी आईने पुन्हा लावला. आता लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू पार मावळलं होतं. मामा अटींचं पान वर-खाली सरकवत होता, पण वाचत नव्हता.

"त्या सुती दोऱ्याच्या आणखी किती माळा गेल्या गं?" मोबाइल कानाशी धरूनच आईने विचारलं.

लेक उठली, खण उघडला, आणि ते मोठं रीळ आईसमोर मशीनवर ठेवलं.

नुसता पुठ्ठा उरला होता.