धानोऱ्याचं नाव

गायत्री काळीपिवळीतून उतरून घराशी आली, तेव्हा ओट्यावर तिच्याच बुद्धिबळाच्या डावाचा व्हिडिओ चालू होता. तिच्या आईने, शांतीबाईंनी, मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला होता. समोर शेजारचे दगाआबा, त्यांची सून हेमांगी आणि गल्लीतल्या दोघी-तिघी.

"आते यी आपला गावनं नाव, ऐका," शांतीबाई म्हणाल्या. बोटाने व्हिडिओ मागे ओढायला त्या कालच शिकल्या होत्या.

पटाशेजारच्या चौकटीत दोन तरुण इंग्रजीत भराभर समालोचन करत होते. मधेच एकाने 'नंदुरबार' म्हटलं, मग 'धानोरा', आणि दोघं खदखदून हसले. त्यांच्याबरोबर ओटाही हसला.

गायत्री पायरीवरच थांबली. पुण्याच्या स्पर्धेहून येताना हे सगळं तिला पाठ झालं होतं. 'वजीर फुकट देऊन टाकला,' पहिला म्हणत होता. 'धानोऱ्याला बुद्धिबळ अजून पोचलं नसावं.' दुसरा म्हणत होता, 'पोचलं असेल, नियम वाटेत सांडले.' खाली लोकांनी हसरे चेहरे टाकले होते, ते संपतच नव्हते. गाडीतच तिचं ठरलं होतं. घरी गेल्या गेल्या आईला सांगायचं, बस झालं, आता खेळणार नाही.

"उनी मन्ही पोर," शांतीबाईंनी सरकून जागा केली. "एवढा मोठा मानसे, पन त्यासनी आपला गावनं नाव लिधं. मी तुन्हा बुद्धिबळना सरले फोन करी दिधा. जळगावनी स्पर्धाले बी तुन्हं नाव द्या म्हनी."

दगाआबा पुढे वाकले. "सांग व पोरी, काय म्हनतस त्या? आमले ते नुसतं धानोरा समजनं."

सगळे तिच्याकडे वळले. आईने पदर सारखा केला, जसा फोटो काढताना करायची.

खरं सांगितलं तर जळगाव इथेच, या ओट्यावरच मिटणार होतं. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. गायत्रीने आईकडे पाहिलं.

"म्हनतस, पोरगी हुशार शे," ती म्हणाली. "आखो खेयाले जोयजे."

"आनि हासनात कसाले?" हेमांगीने विचारलं.

"खुश व्हयनात."

आईने मान डोलावली. पोरगी हुशार, तिने अजून खेळायलाच हवं, हे तिला ठाऊकच होतं. "पोरीले बसू ते द्या," म्हणत हेमांगी पाणी आणायला उठली. गायत्रीने पाठीवरची बॅग काही काढली नाही.

"जळगावले बी ह्याच दोन्ही ऱ्हातीन का?" शांतीबाईंनी मोबाईलमधल्या दोघांकडे ओळखीचं हसत विचारलं.

"हां. ह्याच ऱ्हातीन."

"बरं शे," त्या म्हणाल्या. "ओयखीना मानसे बरा."