कानशील

सांवेर रोडच्या आमच्या युनिटमध्ये त्या दुपारी रोबोटचा हात पहिल्यांदा नीट हलला. त्याला मोटर नाही, स्नायूंसारख्या तारा आहेत. करंट दिला की त्या तापून आखडतात, निवल्या की सैल पडतात. सांधे रबराचे, आत हाड नाही. तारांना मी एवढंच शिकवलं होतं: मूठ वळ, मूठ उघड. बस्स.

"गजब, श्रिया!" अभिराम म्हणाला. "नजर लागेल हं कोणाची."

मी हसले. तेवढ्यात हात कोपरातून वर उठला. त्याची बोटं माझ्या कपाळावरून हनुवटीपर्यंत अलगद फिरली.

"भिया, करंट बंद कर!" मी अभिरामवर ओरडले.

"केव्हाच केला," तो पुटपुटला. प्लग त्याच्या हातात होता.

तारा एव्हाना सैल पडायला हव्या होत्या. हात मागे गेला. बायका दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडतात ना, तशी त्याने बोटं दुमडली. पण त्याला कानशील कुठलं! तिथे नुसती हवा होती.

बोटं त्या हवेत टेकली, दबली आणि कडाकडा मोडली.

आवाज हाडांचा होता.